जझेरोच्या दरीतले खड्डे : लेझरच्या ठिपक्यांवरून मंगळाचा नकाशा करताना

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालय, विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून ते अभ्यासायचं तंत्र, शिकवते. प्रकल्प अडला तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी मला बोलावलं आणि तिथून शेवटपर्यंत मी सोबत होते.

पार्श्वभूमी

एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघांनी, एक मुलगी आणि एक मुलगा, मंगळावरच्या जझेरो विवराचा उंचीचा नकाशा करायचं ठरवलं. जझेरो मंगळाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १८.४ अंशांवर आणि ७७.५ अंश पूर्वेला आहे. व्यास सुमारे ४५ किलोमीटर. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे पाणी साठलं होतं, पश्चिमेकडून येणाऱ्या नदीने गाळाचा त्रिभुज प्रदेश रचला होता, आणि म्हणूनच १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स रोव्हर तिथे उतरवण्यात आलं. पाणी कुठून आलं, कुठे साठलं, कुठून बाहेर पडलं हे निव्वळ उंचीच्या आकड्यांवरून दाखवायचं, असा मुलांचा बेत होता. प्रकल्पाचा अहवाल आणि त्याच कामावरचं ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं पोस्टर, अशी दोन्ही कामं बरोबरच चालली होती.

आधी मुलांच्या डोक्यात होतं लोणारसारखं एखादं छोटं विवर मंगळावर शोधायचं. जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार, त्यामुळे ते दोघांनीही पाहिलेलं. शिवाय ते आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, म्हणून मंगळाशी तुलना करायला अभ्यासकांनाही ते हवंहवंसं वाटतं. पण लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. मंगळाच्या ज्या ग्रिडवर (चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीला एक उंची) काम करायचं होतं तिच्यात एवढं विवर चार चौकटींत संपतं. मॅडमनी लगेच सांगितलं, मोठं विवर घ्या. निर्णय बरोबरच होता. मात्र चौकटीच्या आकाराचा जो प्रश्न लोणारच्या निमित्ताने पुढे आला, त्यावर तिथेच थांबून नीट बोलणं झालं नाही. विवर मोठं घेतलं म्हणजे प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

डेटा कुठला घ्यायचा याला फारसा वाव नव्हता. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं, पण त्यावर अल्टिमीटर, म्हणजे जमिनीची उंची मोजणारं उपकरण, नव्हता. अख्ख्या मंगळाची लेझरने मोजलेली उंची हवी असेल तर मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरच्या ‘मोला’ या उपकरणाकडेच जावं लागतं. यान ७ नोव्हेंबर १९९६ ला निघालं आणि सप्टेंबर १९९७ मध्ये मंगळापाशी पोचलं. मोलाचं नियमित मोजमाप १९९९ मध्ये सुरू झालं आणि ३० जून २००१ ला लेझर बंद पडेपर्यंत चाललं. तेवढ्या काळात सुमारे ६४ कोटी ठिकाणांची उंची मोजली गेली. त्याआधी ऑलिंपस मॉन्स या ज्वालामुखीची उंची २५ किलोमीटरच्या पुढे सांगितली जायची, ती २१-२२ किलोमीटरवर आली. उत्तरेकडची मैदानं दक्षिणेच्या पठारापेक्षा साधारण पाच किलोमीटर खाली आहेत, हेही आकड्यांत स्पष्ट झालं. डेव्हिड स्मिथ आणि मारिया झुबर यांच्या चमूचं हे काम आजही ग्रहविज्ञानातला पाया मानलं जातं, आणि मला ते मनापासून थोर वाटतं.

मोजायची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा गोंधळ कळणार नाही. यान ध्रुवांवरून फिरत होतं, जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वरून. लेझर सेकंदाला दहा झोत खाली सोडायचा. झोत जमिनीवर आपटून परत यायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागायचे, आणि उंचीत एक मीटरचा फरक म्हणजे त्या वेळेत ६.७ नॅनोसेकंदांचा फरक. यान ग्रहाच्या केंद्रापासून किती दूर आहे हे रेडिओ मागोव्यावरून काढलेलं असायचं. त्यातून झोताने मोजलेलं अंतर वजा केलं की त्या जागेची त्रिज्या मिळते. त्रिज्येतून एरिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटीच्या जागी मानलेल्या समविभव पृष्ठाची त्रिज्या वजा केली की उंची. जमिनीवर पडणारा ठिपका दीडएकशे मीटर रुंद आणि एका ठिपक्यापासून दुसरा सुमारे ३०० मीटरवर. उंचीची अचूकता एका मीटरच्या आसपास.

एवढं वाचलं की वाटतं, आता काय, सगळंच हाती आलं. पण हे ३०० मीटर एका फेरीच्या ओळीपुरते आहेत. शेजारच्या फेरीची ओळ कुठे पडेल ते कक्षेच्या हातात. विषुववृत्ताजवळ दोन ओळींमध्ये एक-दोन किलोमीटर मोकळी जागा सर्रास राहते, आणि काही ठिकाणी ती बारा किलोमीटरपर्यंत जाते. गोधडीवर दुरून दुरून धावदोरे घालावेत तशा या ओळी दक्षिणोत्तर पडलेल्या आहेत. मधला कपडा लेझरने पाहिलेलाच नाही.

अडचण कुठे उभी राहिली

मुलांनी मोलाची तयार ग्रिड उतरवून घेतली, एका अंशात १२८ चौकटी असलेली. विषुववृत्तावर ही चौकट ४६३ मीटरची. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड (उजेड-सावलीतून उठाव दाखवणारं चित्र) केली, दहा मीटरच्या अंतराने समोच्च रेषा ओढल्या, उंची वाढवून त्रिमिती चित्र काढलं. चित्र देखणं आलं. विवराची कड, सपाट तळ, पूर्वेकडची पाणी बाहेर पडण्याची खिंड, सगळं ओळखू येत होतं. पश्चिमेच्या नेरेत्वा दरीत मात्र सलग पात्राऐवजी एकामागोमाग एक खड्डे दिसले. प्रत्येक खड्डा चारी बाजूंनी बंद, आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये बांध घातल्यासारखा उंचवटा.

मुलाने त्यांना नाव दिलं ‘साखळी तळी’. पोस्टरच्या मसुद्यात वाक्य आलं की नदी आटताना दरीत तळ्यांची साखळी उरली असावी. आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात डोह उरतात, ते डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला हे पटकन पटतं. मॅडमना ते खटकलं, पण का ते लगेच सांगता येईना. पाणी दरीतून वाहून विवरात गेलं आणि दरीतल्या प्रत्येक बांधाला कोरलं नाही, हे कसं? आणि सगळे खड्डे इतक्या एकसारख्या आकाराचे कसे?

मी पाहिलं तेव्हा माझं लक्ष समोच्च रेषांवर गेलं. दहा मीटरच्या अंतराने ओढलेल्या रेषा खड्ड्यांभोवती सुबक लंबगोल काढत होत्या. निसर्गातल्या दरीच्या भिंती इतक्या मऊ वळणाच्या नसतात. कोरड्या आकड्यांतून गणिताने भरलेल्या पृष्ठाला मात्र असाच गुळगुळीतपणा येतो.

समोर असलेले पर्याय

आमच्या बैठकीला पाणलोटाची कामं करणारे एक दादाही होते. गावोगावच्या नाल्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही, आणि मुलांना क्यूजीआयएस त्यांनीच शिकवलं होतं. खड्डे बघून ते म्हणाले, “ताई, हे तर आपल्याकडं रोजचंच हाय. फिल मारा अन् मोकळं व्हा.” पाणलोटाच्या कामात उपग्रहाच्या डीईएममध्ये, म्हणजे उंचीच्या ग्रिडमध्ये, खोटे खड्डे येतात. ते भरल्याशिवाय संगणकातलं पाणी पुढे सरकत नाही, म्हणून भरण्याची आज्ञा द्यायची, आणि नाला सलग दिसू लागतो. मराठवाड्यातल्या उतारांवर हे बहुतेक वेळा चालून जातं, कारण इथे नैसर्गिक बंद खोलगट भाग फार थोडे.

मंगळावर उलटं आहे. तिथली जमीन विवरांनी भरलेली, आणि प्रत्येक विवर हा खराखुरा बंद खड्डा. भरण्याची आज्ञा दिली तर दरीतल्या खोट्या खड्ड्यांसोबत जझेरोही बाहेर पडण्याच्या खिंडीच्या पातळीपर्यंत भरून सपाट होतं. दादांनी ते तिथेच करून दाखवलं, आणि अख्खं विवर पडद्यावर एकाच रंगाचं झालं तेव्हा त्यांनी स्वतःच तो पर्याय मागे घेतला. (हीच क्रिया जाणूनबुजून वापरली तर कामाची आहे. पाणी जास्तीत जास्त कुठवर चढू शकलं असतं, ती पातळी अशीच निघते. मुलांनी पुढे ती तेवढ्यापुरती वापरली.)

दुसरा विचार होता बांध फोडण्याचा, म्हणजे खड्ड्यांना जोडणारी चर संगणकातच कोरायची. नकाशा शहाणा दिसला असता, पण त्या चराची उंची कोणी मोजलेली नव्हती. मी त्याला ठाम विरोध केला.

तिसरा पर्याय सगळ्यांत मोहाचा होता. अल्टिमीटर सोडून द्यायचा आणि कॅमेऱ्यांच्या जोडचित्रांवरून (एकाच जागेची दोन कोनांतून घेतलेली चित्रं) तयार केलेले डीईएम घ्यायचे. मार्स एक्सप्रेस यानावरच्या एचआरएससी कॅमेऱ्याची उंची आणि मोलाची उंची जोडून केलेली २०० मीटरची ग्रिड मिळते, आणि मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याची चित्रं तर पिक्सेलला सहा मीटरची. त्यात नेरेत्वा दरी स्वच्छ दिसते. अडचणी दोन. मंजूर झालेला विषय अल्टिमीटरचा होता. आणि जोडचित्रांवरून काढलेली उंचीसुद्धा शेवटी मोलाच्याच आकड्यांना बांधलेली असते, त्यामुळे मोलाचे ठिपके समजून न घेता पुढे जाणं म्हणजे प्रश्न एक पायरी मागे ढकलणं.

मॅडमनी आणखी एक शक्यता मांडली होती: नकाशा तसाच ठेवायचा आणि ‘साखळी तळी’ऐवजी ‘खोलगट भाग’ असा सावध शब्द वापरायचा. वेळ कमी होता आणि पोस्टरची तारीख डोक्यावर होती, हे पाहता त्यांचा विचार समजण्यासारखा होता. मुलगीच म्हणाली की ते खड्डे खरे आहेत की नाहीत हे आपल्याला शोधता येत असेल, तर सावध शब्दामागे का लपायचं. तिच्या त्या बोलण्याने निर्णय झाला. ठिपक्यांकडे परत जायचं, आणि सीटीएक्सची चित्रं फक्त साक्षीला ठेवायची.

ठिपक्यांकडे परत

मोलाच्या तयार ग्रिडसोबत आणखी एक फाईल मिळते. प्रत्येक चौकटीत किती ठिपके पडले याची संख्या तिच्यात असते. ही फाईल फार कमी जण उघडतात, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी उघडायची फाईल तीच. जझेरोच्या परिसरात निम्म्याहून जास्त चौकटींवर शून्य निघालं. त्या चौकटींतली उंची कोणी मोजलेली नव्हती, ती शेजारच्या आकड्यांवरून ताणलेल्या पृष्ठाने भरलेली होती.

त्यानंतर मुलांनी मूळ ठिपके मागवले. अमेरिकेतल्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांशाची चौकट दिली की त्यातल्या प्रत्येक झोताची नोंद तक्त्यात मिळते: जागा, त्रिज्या, उंची, कक्षेचा क्रमांक. ते ठिपके हिलशेडवर टाकले तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. प्रत्येक खड्ड्याच्या मध्यावर एक ओळ होती. ओळीतले एक किंवा दोन ठिपके दरीच्या तळाशी पोचलेले, त्याच्या अलीकडचे-पलीकडचे वरच्या पठारावर. मुलगा पडद्यावर बोट ठेवून एकेक बांध मोजत गेला आणि म्हणाला, “मॅडम, हे बांध समदे रिकाम्या जागीच पडायलेत.”

कारण आता सरळ होतं. नेरेत्वा दरी सुमारे ४०० मीटर रुंद. यानाची ओळ तिला आडवी छेदते, तेव्हा दर ३०० मीटरला पडणाऱ्या ठिपक्यांपैकी एखाद-दोनच तळाला लागतात. पुढची ओळ किलोमीटर-दोन किलोमीटरवर. मधल्या जागेत संगणकाला दरीचा पत्ताच नाही, त्याला दिसतात ते आजूबाजूचे पठारावरचे ठिपके. तो पृष्ठ वर ओढतो आणि बांध तयार होतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दऱ्या अशा तुकड्यातुकड्यांनी तरी दिसतात. दक्षिणोत्तर जाणारी अरुंद दरी मात्र दोन ओळींच्या मध्ये सापडली तर नकाशातून साफ नाहीशी होऊ शकते, किंवा एखादी ओळ तिच्यातूनच गेली तर होती त्यापेक्षा ठसठशीत दिसते.

देवगिरीवर घेतलेली चाचणी

मॅडमना कारण पटलं होतं. मुलांना मात्र ते आपल्या ओळखीच्या जमिनीवर घडताना बघायचं होतं. दादांनी सुचवलं की इथल्याच डीईएमवर खोटं यान फिरवू. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलवरच्या रडारने घेतलेल्या उंचीची ३० मीटरची ग्रिड त्यांच्याकडे होतीच. तिला सत्य मानायचं, तिच्यावर दक्षिणोत्तर ओळी टाकायच्या, ओळींवर दर ३०० मीटरला फक्त एकेक उंची उचलायची, बाकी सगळं फेकून द्यायचं आणि उरलेल्या ठिपक्यांवरून पुन्हा ग्रिड करायची. पद्धतही तीच ठेवली, मोलाच्या चमूने वापरलेली ताण दिलेल्या स्प्लाइनची, म्हणजे ठिपक्यांवरून ताणून बसवलेल्या गुळगुळीत पृष्ठाची.

देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर सरळ वर उठतो. पहिल्या खेपेला एक ओळ त्याच्या अंगावरून गेली होती. नकाशात डोंगर आला, पण ठेंगणा आणि पूर्व-पश्चिम पसरट. मग सगळ्या ओळी अर्धा किलोमीटर पूर्वेला सरकवल्या. यादवांची राजधानी राहिलेला तो डोंगर नकाशात उरलाच नाही, तिथे एक सौम्य चढ तेवढा शिल्लक राहिला. अजिंठ्याला वाघोरा नदीचा जो नालाकृती वळसा आहे तिथे आणखी शिकायला मिळालं. वळशाचा पूर्व-पश्चिम जाणारा भाग खड्ड्याखड्ड्यांत तुटला, अगदी जझेरोसारखा. त्याच नदीचा दक्षिणोत्तर भाग एका मांडणीत खोल आणि सलग आला, दुसऱ्या मांडणीत गायब झाला.

प्रकल्पातला सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा मला हाच वाटतो. जमीन तीच, फक्त मोजणाऱ्या ओळी सरकल्या, आणि डोंगर आला-गेला. ज्याने देवगिरीच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याला हे एकदा दिसलं की मंगळाच्या नकाशातल्या कुठल्याही छोट्या आकाराकडे तो आधी ओळी बघूनच पाहील.

उत्तरेकडे कललेलं तळं

मधेच एक वेगळा प्रश्न आला. मूळ ठिपक्यांवरून स्वतःची ग्रिड करताना मुलीने उंचीच्या रकान्याऐवजी त्रिज्येचा रकाना घेतला. विवर ओळखीचं दिसत होतं, म्हणून कोणालाच शंका आली नाही. पाण्याची पातळी काढताना मात्र सगळं पाणी उत्तरेच्या कडेला जमा होऊ लागलं.

मंगळ ध्रुवांकडे चपटा आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ३३९६ किलोमीटर, ध्रुवांशी सुमारे वीस किलोमीटरने कमी. जझेरोच्या अक्षांशावर उत्तरेकडे एक अंश सरकलं की नुसत्या चपटेपणामुळे त्रिज्या दोनशे मीटरच्या आसपास घटते. विवराच्या ४५ किलोमीटरांत ही घट दीडएकशे मीटर होते, आणि तळ्याची खोलीही त्याच मापातली. पाणी त्रिज्येच्या उतारावरून वाहत नाही, ते समविभव पृष्ठाच्या उतारावरून वाहतं. एरिऑइडची त्रिज्या वजा केली आणि तळं सरळ झालं. मॅडम भौतिकशास्त्राच्या, त्यांनी फळ्यावर चपटेपणाचं गणित सोडवून हा आकडा हातानेच काढला आणि तो संगणकातल्या कलाशी जुळला.

अक्षांशाबाबतही असाच सापळा असतो. केंद्रापासून मोजलेला अक्षांश आणि पृष्ठाला लंब धरून मोजलेला अक्षांश यांत या भागात साधारण बारा किलोमीटरचा फरक पडतो. मोलाचे आकडे केंद्रापासूनच्या अक्षांशात आहेत. जुने काही नकाशे दुसऱ्या पद्धतीचे असल्याने मुलांनी ते बाजूला ठेवले.

आकड्यांवर भरवसा किती, हे तपासायला त्यांनी छेदबिंदू घेतले. यान एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा दक्षिणेकडे जाताना ज्या जागेवरून गेलं, तिथे दोन्ही वेळची उंची सारखी यायला हवी. विवराच्या सपाट तळावर फरक थोडक्या मीटरांचा आला. कडेच्या भिंतीवर तो पंचवीस-तीस मीटरांपर्यंत गेला. ठिपक्याची जमिनीवरची जागाच शंभरेक मीटरने इकडेतिकडे असू शकते, आणि पंधरा अंशांच्या उतारावर शंभर मीटर सरकलं की उंची सत्तावीस मीटरने बदलते. म्हणजे फरक अपेक्षेतला होता.

नकाशा कसा छापायचा

यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. माझं म्हणणं होतं की ठिपक्यापासून एक किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या चौकटी करड्या ठेवाव्यात आणि त्याहून जवळच्या पण भरलेल्या चौकटींवर तिरप्या रेघा माराव्यात. मॅडमना वाटत होतं की परीक्षक लांबून पोस्टर बघतात, पट्ट्यापट्ट्यांचा करडा नकाशा पाहून त्यांना काम अर्धवट वाटेल. तेही खोटं नव्हतं. स्पर्धेत पोस्टरसमोर कोण किती वेळ थांबेल, सांगता येत नाही.

शेवटी दोन नकाशे शेजारी-शेजारी छापले. डावीकडे फक्त ठिपके, उंचीप्रमाणे रंगवलेले, मध्ये कोरी जागा. उजवीकडे भरलेला नकाशा, पण रेघांसह. समोच्च रेषांचं अंतर दहा मीटरवरून पन्नासवर नेलं, कारण भिंतीवरच्या छेदबिंदूंत पंचवीस मीटरचा फरक असताना दहा मीटरची रेषा ओढायला आधारच नव्हता. दरीच्या जागी सीटीएक्सचा छोटा तुकडा चिकटवला आणि त्यावर खड्ड्यांच्या जागा खुणावल्या. दरी सलग आहे हे तिथे कोणालाही दिसत होतं.

मुलाला ‘साखळी तळी’ सोडणं जड गेलं. त्याने त्यावर बराच मजकूर लिहिला होता. तो मजकूर फेकून न देता अहवालात ‘खोटे खड्डे कसे तयार होतात’ या प्रकरणात बदलायचा, ही सूचना मॅडमची होती आणि ती उत्तम होती. अहवालातलं सगळ्यांत जिवंत प्रकरण तेच झालं.

निष्पत्ती

अहवाल मंजूर झाला. पोस्टरला बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी मात्र डावीकडच्या नकाशापाशी थांबून विचारलं की इतकी जागा कोरी का, आणि मुलीने देवगिरीचं उदाहरण देऊन ते समजावलं.

मुलांना ठामपणे सांगता आलं ते असं. विवराचा तळ एरिऑइडच्या खाली साधारण २.६ किलोमीटरवर आहे, पूर्वेकडची खिंड साधारण २.४ वर, आणि त्यामुळे पाणी खिंडीतून बाहेर पडायच्या आधी दोनएकशे मीटर खोल साठू शकलं असतं. किलोमीटरभरापेक्षा रुंद आकारांबाबत मोलाच्या ठिपक्यांवर विसंबता येतं. दरीची खोली त्यांनी ग्रिडवरून दिली नाही, तळाला लागलेल्या ठिपक्यांवरून दिली, आणि तीही ‘किमान इतकी’ अशा शब्दांत, कारण दीडएकशे मीटरच्या ठिपक्यात तळासोबत भिंतीचा भागही येऊ शकतो.

दादांनी त्यांच्या पाणलोटाच्या नकाशात एक बदल केला. लेव्हलिंगने प्रत्यक्ष मोजलेले बिंदू आता ते वेगळ्या खुणेने छापतात. गावकरी बांधाची जागा ठरवताना आधी त्या खुणांकडे बघतात, असं त्यांनी सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

ठिपक्यांच्या संख्येची फाईल पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. ती ग्रिडच्याच फोल्डरमध्ये होती. हिलशेडचा मोह इतका असतो की उंचीची फाईल उतरली की माणूस थेट चित्राकडे धावतो. पुढच्या तुकडीसाठी मॅडमनी क्रम बदलला आहे: आधी ठिपके कागदावर, मग संख्या, मग ग्रिड, आणि हिलशेड सगळ्यांत शेवटी.

देवगिरीची चाचणीही विषय मंजूर होण्याआधी घेता आली असती. एका दुपारचं काम आहे. ती आधी झाली असती तर अल्टिमीटरवरून दरीचा अभ्यास करता येणार नाही, विवराच्या मोठ्या आकाराचा करता येईल, हे तेव्हाच कळलं असतं आणि शीर्षक त्याप्रमाणे ठरलं असतं. अल्टिमीटर आणि जोडचित्रं दोन्ही वापरण्याची परवानगीही तेव्हाच मागता आली असती.

एक किलोमीटरची मर्यादा आम्ही अंदाजाने ठरवली, आणि या कामातला सगळ्यांत कच्चा दुवा तो आहे. सपाट तळावर दोन किलोमीटरची मोकळी जागाही निर्धोक आहे, दरीपाशी अर्धा किलोमीटरसुद्धा जास्त. मर्यादा उतारानुसार बदलायला हवी. काही ओळी मुद्दाम लपवून, उरलेल्यांवरून ग्रिड करून, लपवलेल्या ठिपक्यांशी ताडून पाहिलं असतं तर प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी वेगळी मर्यादा काढता आली असती. त्यासाठी लागणारा डेटा आणि संगणक दोन्ही हाताशी होते, कमी पडला तो वेळ.

विवराला उत्तरेकडून मिळणाऱ्या सावा दरीबद्दल अहवालात काहीच विधान केलेलं नाही. तिचा बराच भाग ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत जातो. नकाशात ती जागा करडी आहे, आणि पुढच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने सीटीएक्सच्या जोडचित्रांवरून तिची उंची काढायचं काम घेतलं आहे.